साडेचार इंची भिंत

आमच्या बेळगाव-निपाणी भागात ‘डॉल्बी’ म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली स्पीकरच्या खोक्यांची भिंत म्हणजे डॉल्बी. ती गल्लीत शिरली की खिडक्यांची तावदाने थरथरू लागतात आणि म्हातारी माणसे छातीवर हात ठेवून मागच्या खोलीत जातात. मूळचे डॉल्बी मात्र एका माणसाचे आडनाव. रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते. १९६५ साली लंडनमध्ये आपली कंपनी काढण्यापूर्वी ते युनेस्कोचे सल्लागार म्हणून भारतात येऊन राहिले होते. आणि त्यांच्या कंपनीचे पहिले काम कोणते, तर ध्वनिमुद्रणाच्या फितीवर उमटणारी खरखर कमी करणे. नको असलेला आवाज काढून टाकण्यापासून ज्याने सुरुवात केली, त्याचे नाव आपण आवाजाच्या डोंगराला देऊन बसलो.

या विसंगतीवर मी चारचौघांत पुष्कळदा बोललो आहे आणि लोकांना हसवलेही आहे. गेल्या दिवाळीपासून ते बंद झाले. कारण गेल्या दिवाळीत डॉल्बी आमच्याच घरात आले.

मुलगा पुण्याला नोकरीला असतो. मी बँकेतून निवृत्त झालो तेव्हापासून त्याचे चालले होते, “बाबा, तुम्हाला एक चांगले होम थिएटर घेऊन देतो.” वसुबारसेच्या दिवशी तो खोकी घेऊनच उतरला. पाच स्पीकर आणि सहावा एक जाडजूड डबा. याला म्हणे ‘पाच पॉइंट एक’ म्हणतात. हा ‘पॉइंट एक’ म्हणजे तो डबा, फक्त खर्जासाठी. लक्ष्मीपूजनापर्यंत आम्ही दोघे बापलेक टेप आणि खडू घेऊन सोप्यात मोजमापे घेत होतो. पुढचे दोन स्पीकर टीव्हीच्या डाव्या-उजव्या अंगाला, आपल्या खुर्चीपासून सुमारे तीस अंशांच्या कोनात. मधला टीव्हीच्या खाली. सगळे संवाद त्यातून येतात. मागचे दोन कानाच्या रेषेच्या जरा मागे, शंभर ते एकशेवीस अंशांवर. मग एक छोटा माईक खुर्चीवर, आपले डोके जिथे येते तिथे ठेवायचा. यंत्र एकेका स्पीकरमधून सुईऽऽ असा आवाज काढते, माईक तो ऐकतो, आणि कुठला स्पीकर किती लांब आहे ते यंत्र स्वतःच ठरवते. आवाज एका सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक फूट जायला हजारांश सेकंदाच्या आसपास. जवळच्या स्पीकरला यंत्र तेवढे थांबवून धरते, म्हणजे पाचांचाही आवाज खुर्चीवर एकाच क्षणी पोचतो.

मला हे फार आवडले. साऱ्या खोलीचे अंतर एका खुर्चीपासून मोजलेले, आणि ती खुर्ची माझी! बायको शेजारच्या कॉटवर बसून म्हणाली, “मला तर नुसता मागचाच भोंगा ऐकू येतोय.” मी तिच्याकडे लक्ष दिले नाही. तिथेच लक्ष दिले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.

राहिला तो खर्जाचा डबा. त्याची जागा शोधण्याची एक गमतीची रीत आहे. डबा आपल्या खुर्चीवर ठेवायचा, गाणे लावायचे आणि आपण जमिनीवर रांगत फिरायचे. जिथे खर्ज सर्वांत एकसारखा लागेल तिथे डबा हलवायचा. त्रेसष्टाव्या वर्षी मी सोपाभर रांगलो. नातवाला वाटले आजोबा घोडा झाले, तो पाठीवर बसला. एकसारखेपणा वगैरे आम्ही पाहिला नाही. ज्या कोपऱ्यात सर्वांत जास्त दणका लागला तो कोपरा निवडला. दोन भिंती आणि जमीन मिळून तिथे खर्ज दुणावतो. तो कोपरा सामाईक भिंतीचा होता.

या भिंतीविषयी सांगायला हवे. आमचे घर शहापुरात. शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते, पलीकडचे बेळगाव इंग्रजांच्या अमलात. तेव्हा सरहद्द ही आम्हाला नवी गोष्ट नाही. घर मुळात एकच वाडा होता. आजोबांच्या पिढीत वाटण्या झाल्या आणि सोप्याच्या मधोमध एक विटेची भिंत आली, साडेचार इंची. पुढे चुलत्यांनी आपला भाग विकला. घेणारे कुटुंब कन्नड. त्यांचे शेत बेळगावपासून थोड्या अंतरावरच्या खेड्यात, पोटापुरते भात पिकते. त्या घरातल्या सर्वांत वडील बाईंना सारी गल्ली ‘अव्वा’ म्हणते, मीही म्हणतो. माझी आई गेली तेव्हा तेरा दिवस आमच्या घरी जेवण त्यांच्याकडून आले.

माझ्या लहानपणी या गल्लीत आवाज कमी नव्हता. शहापूर-वडगाव हा विणकरांचा भाग, त्यामुळे मागांची खटखट पहाटेपासून. पण तो आवाज कुणा एकाचा नव्हता. तो थांबला तर उलट काळजी वाटे, सूत मिळाले नाही की काय. रेडिओ दोन-तीन घरांत असायचा आणि तो उंबऱ्याजवळ ठेवलेला असे. १९५० साली सुरू झालेले धारवाड केंद्र आणि १९६३ साली सुरू झालेले सांगली केंद्र, दोन्ही आमच्याकडे लागत. सकाळी धारवाडवरून वचने आणि दासांची पदे, सांगलीवरून अभंग. कुठले केंद्र लावायचे हे ज्याच्या घरी रेडिओ तो ठरवी, पण ऐकणारे दारात बसलेले असत. नको असेल तर कुणीही ओरडून सांगे, “बस की आता, बंद कर!” आणि तो बंद होई. आवाज उघड्यावर होता, म्हणून नकारही उघड्यावर होता. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झाले तेव्हा आमच्या सोप्यात तीस-चाळीस माणसे दाटीने बसत. त्यांत पहिल्या रांगेत अव्वा असत.

होम थिएटरने आवाज घरात आणला आणि दार लावून घेतले. दार लावल्यावर आपल्याला वाटते, आता हा आवाज आपला.

मुलगा कायद्याने वागणारा आहे. त्याने मला नियम वाचून दाखवले. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५. २००५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने खासगी ध्वनियंत्रणेबद्दलही सांगितले आहे की, आपल्या जागेच्या हद्दीवर तिचा आवाज या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. त्याने मोबाइलवरचे मापक घेतले, अंगणात आणि गल्लीत जाऊन आकडे पाहिले. “बसतंय की नियमात, बाबा.” मोबाइल म्हणजे काही सरकारी यंत्र नव्हे, पण माझे समाधान झाले. आम्ही ‘सैराट’ लावला. त्यातले संगीत लॉस एंजेलिसला मोठा वाद्यवृंद घेऊन मुद्रित केले आहे हे मी वाचले होते. ‘झिंगाट’ सुरू झाले आणि पायाखालची फरशी नाचू लागली. मी म्हटले, याला म्हणतात ऐकणे! त्यानंतर रोज रात्रीच्या जेवणानंतर आमचा एक चित्रपट ठरलेला. मुलगा सुट्टीला आला की आवाज आणखी एक घर वर.

मार्गशीर्ष उजाडला. अव्वा आजारी असल्याचे बायको सांगत होती. दोन दिवस दवाखान्यात राहून घरी आल्या होत्या. एका शनिवारी रात्री आठच्या सुमारास मी भेटायला गेलो. अव्वांची कॉट भिंतीला लागून होती. आपल्या घरातली भिंत आपण ओळखतो, तिची दुसरी बाजू आपण कधी पाहिलेली नसते. मी स्टुलावर बसलो, विचारले, “ह्यांग अदीरि, अव्वा?” त्यांनी हात किंचित हलवला.

तेवढ्यात भिंत घुमली.

आवाज म्हणावा तर आवाज नव्हे. कॉटचा लोखंडी पाय गुणगुणू लागला, फळीवरची स्टीलची वाटी तांब्याला लागून किणकिणली, आणि माझ्या पाठीच्या कण्यातून काहीतरी सरकत गेले. शब्द नाही, सूर नाही. धम्म, मग थोडी उसंत, मग पुन्हा धम्म. आमच्याकडे पोराने चित्रपट लावला होता. माझे घर मी आयुष्यात प्रथमच पलीकडून ऐकत होतो.

अव्वांनी डोळे उघडले आणि मुलाला विचारले, “मळी बंतेनु?” पाऊस आला का? मुलगा शांतपणे म्हणाला, “इल्लव्वा, मलगु.” नाही, झोप. मग मला समजले की हे प्रश्नोत्तर रोजचे आहे. त्यांचे भात कापून शेतात पडले होते, मळणी व्हायची होती. कापलेल्या भातावर अवकाळी पाऊस म्हणजे काय हे इथल्या वाचकांना मी सांगायला नको. ती माउली दिवाळीपासून रोज रात्री ढग गडगडताना ऐकत होती आणि भाताच्या काळजीने जागी राहत होती.

बाहेर ओसरीवर आल्यावर मी तिच्या मुलाला विचारले, “मला सांगितलं का नाहीस?” तो म्हणाला, “इरली बिडरी काका, अड्डी इल्ल.” मी सोडले नाही. तेव्हा तो आपल्या कन्नड वळणाच्या मराठीत, माझ्याकडे न पाहता बोलला, “काका, तुम्ही मराठी शिणेमा लावता. आवाज कमी करा म्हणून मी म्हटलं, तर तुम्ही कमी केला असता, मला माहीत आहे. पण गल्लीत काय गेलं असतं? ह्यांना मराठी चालत नाही, असं गेलं असतं. तुमच्या मनात नसलं तरी.”

मी काही बोलू शकलो नाही, कारण ते खरे होते.

या उत्तरातली विचित्र गोष्ट पाहा. विटेची भिंत उंच सुरांचे आवाज बरेचसे अडवते. शब्द ज्यांच्यामुळे कळतात ती व्यंजने त्या उंच भागात असतात, ती अलीकडेच राहतात. चाळीस-पन्नास आवर्तनांचा खर्ज मात्र भिंतीला जुमानत नाही. चाळीस आवर्तनांच्या एका लाटेची लांबी साडेआठ मीटर, म्हणजे आमच्या सोप्याहून जास्त. तेव्हा पलीकडे जो पोचत होता तो आवाज मराठी नव्हताच. त्याला भाषाच नव्हती. ‘सैराट’ २०१६ साली आला, दुसऱ्याच वर्षी तो कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ नावाने आला; नायिका तीच रिंकू राजगुरू, संगीतही अजय-अतुल यांचेच. आम्ही तो लावला असता तरी अव्वांना पाऊसच ऐकू आला असता. भिंतीतून आवाज पलीकडे जातो तेव्हा आपली भाषा मागे ठेवून जातो. तक्रार मात्र अलीकडे येते ती भाषा अंगावर घेऊनच येते. दुःखाला भाषा नव्हती, ते सांगण्याला होती. म्हणून ते सांगितले गेले नाही.

आपल्याकडे ‘मौनं संमतिलक्षणम्’ म्हणतात. समोरचा बोलत नाही म्हणजे त्याला मान्य आहे. बँकेत चाळीस वर्षे मी याच तत्त्वावर कामे केली. हरकत नोंदवायची मुदत संपली की हरकत नाही असे धरायचे. पण हे तत्त्व एक गोष्ट गृहीत धरते. बोलायला सर्वांना सारखाच खर्च येतो, असे ते धरते. ज्याच्या तोंडून साधी तक्रार निघाली तरी तिचे भांडण होईल, त्याचे मौन कसले लक्षण? ते संमतीचे लक्षण नाही, ते हिशेबाचे लक्षण आहे. आईची झोप आणि गल्लीतली शांतता यांचा त्याने रोज रात्री हिशेब केला होता, आणि दर वेळी आईची झोप खर्ची टाकली होती.

मुलाशी यावर माझा वाद झाला. तो म्हणाला, “बाबा, आपल्याला स्वप्न पडणार आहे का? त्यांनी सांगायला हवं होतं. आपण नियमात होतो.” त्याचे म्हणणे टाकाऊ नाही. न सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी माणूस घेऊ लागला तर त्याला घरात भांडे आपटायची चोरी होईल. पण नियमाविषयी मी नंतर थोडे वाचले, तेव्हा एक मजेशीर गोष्ट हाती लागली. नियमातले डेसिबल मोजताना माणसाच्या कानाच्या सवयीप्रमाणे खर्जाचे वजन कमी धरतात. पन्नास आवर्तनांच्या आवाजातून मापक सरळ तीस डेसिबल वजा करते. कान खर्जाला मंद असतो हे खरेच. पण कॉटचा पाय आणि छातीचा पिंजरा तसा मंद नसतो. म्हणजे जो आवाज भिंतीतून सर्वांत सहज जातो, त्यालाच नियमाचा कान सर्वांत कमी ऐकतो. आम्ही नियमात होतो आणि अव्वा जाग्या होत्या, दोन्ही एकाच वेळी खरे. नियम हवेतच. तो भांडण झाल्यावर कामाला येतो. भांडण होऊ नये म्हणून जे करायचे ते नियमाच्या आधी असते. आपण त्याला शेजारधर्म म्हणतो आणि वाटीभर साखरेत संपवतो.

इथे मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाही तर हा लेख लबाडीचा होईल. काही वर्षांपूर्वी माझी आई शेवटच्या दुखण्यात होती. तेव्हा नोव्हेंबरच्या सुरुवातीचे तीन दिवस आमच्या कोपऱ्यावर उत्सवाचे कर्णे लागले होते, रात्री उशिरापर्यंत. आई कुशीवर वळून कानावर उशी धरायची. चार पावले जाऊन ‘जरा हळू’ म्हणणे अशक्य नव्हते. मी गेलो नाही. मला माहीत होते की, माझ्या तोंडून ‘हळू’ हा शब्द निघाला तर तो आवाजाबद्दल राहणार नाही, तो सीमाप्रश्न होईल. १९५६ पासून आमच्या पिढ्यांनी जे सोसले त्याच्या यादीत मी ते तीन दिवस जमा केले आणि ते मौन अभिमानाने जपले. माझी समजूत अशी होती की अशी गिळलेली तक्रार फक्त आपल्याकडेच असते.

त्या रात्री ओसरीवर मला कळले की तीच तक्रार, तशीच गिळलेली, माझ्याच भिंतीपलीकडे दिवाळीपासून बसली होती. आणि कर्णा माझा होता.

जो अल्पसंख्य असतो त्याला सोसल्यामुळे शहाणपण येते, असे आपण लिहितो, भाषणांत म्हणतो. येतेच असे नाही. सोसलेले माणूस पुष्कळदा फक्त लक्षात ठेवतो. सीमेवर तर प्रत्येक जण कुठे ना कुठे अल्पसंख्य आहे: मी राज्यात, शेजारी गल्लीत. दोघांनाही न बोलण्याची कला अवगत आहे. मग न बोललेले ऐकायचे कुणी? मला वाटते, ज्याच्या हातात त्या क्षणी आवाजाची कळ आहे त्याने. न्याय फेडण्याची वेळ कधीकधी अशा माणसावर येते ज्याला स्वतःला तो मिळालेला नसतो. आणि ‘आधी मला मिळू दे’ म्हणून तो थांबला, तर अव्वांची झोप कुठल्याशा निकालापर्यंत तहकूब राहील.

आमच्या भागाचे एक थोर नाव येथे आठवते. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेले शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी, म्हणजे आपले कुमार गंधर्व. ऐन विशीत क्षय झाला आणि देवासला काही वर्षे त्यांना अंथरुणावर काढावी लागली, गाण्याची मनाई. त्या काळात बाहेरून, माळव्यातल्या साध्या माणसांच्या तोंडून, लोकगीते त्यांच्या कानांवर येत राहिली, आणि पुढे त्यांच्या गाण्यात ती धून वेगळ्या रूपाने उगवली. आजारी माणसाच्या खोलीत बाहेरचा आवाज येणारच. भिंती त्यासाठी पुऱ्या पडत नाहीत. तो आवाज त्याला काय देतो, एवढेच विचारायचे असते. आमचा आवाज अव्वांना भिजलेले भात देत होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा टेप काढली. डबा सामाईक भिंतीपासून उचलून समोरच्या बाजूला, कोपरा सोडून ठेवला, त्याखाली जाड रबर घातले आणि खर्ज बराच उतरवला. संवादाचा मधला स्पीकर थोडा चढवला, म्हणजे एकूण आवाज कमी ठेवूनही शब्द कळतात. यंत्रात रात्रीसाठी एक सोय आहे, ती मोठे आवाज दाबते आणि बारीक आवाज उचलते. तीही चालू केली. शेजाऱ्याला हाक मारून विचारले, “आता?” तो म्हणाला, “अड्डी इल्ल काका, छान झालं.” तेव्हा मी म्हटले, “तुझ्या शब्दावर माझा विश्वास नाही, मीच येतो.” मी जाऊन अव्वांच्या कॉटजवळ भिंतीला पाठ लावून बसलो, मोबाइलवरून मुलाला सांगत राहिलो: अजून कमी, अजून, थांब. वाटी गप्प झाली तिथे कळ थांबवली. पहिल्यांदा सारी अंतरे माझ्या खुर्चीपासून मोजली होती. या खेपेला ती अव्वांच्या उशीपासून मोजली. माझ्या खुर्चीवरचा दणका गेला, हे कबूल केले पाहिजे. बायको म्हणते, तिला कॉटवरून आता चित्रपट नीट ऐकू येतो.

त्यांची मळणी झाली, भात घरी आले. अव्वा आता काठी घेऊन दारापर्यंत येतात. मी त्यांना त्या पावसाची हकिगत अजून सांगितलेली नाही. त्यांच्या मुलाने नको म्हटले.

यंदाही नोव्हेंबर आला आहे, कोपऱ्यावर कर्णे बांधणे सुरू आहे. त्या मंडपातल्या पोरांना माझ्या आईचे तीन दिवस कधीच कळले नाहीत. कळले असते तर त्यांच्यातला एखादा उशीपर्यंत आला असता का? मला माहीत नाही. पूर्वी मी ‘नाही’ असे छातीठोक म्हणालो असतो. आता तेवढी खात्री उरलेली नाही, कारण दिवाळी ते मार्गशीर्ष मीही त्यांच्यासारखाच, काही न ऐकता, मजेत होतो. या वर्षी ती चार पावले टाकून पाहावीत असे मनात आहे. जाताना शेजाऱ्याला बरोबर घ्यावे की एकट्याने जावे, एवढेच अजून ठरत नाही.